धायरीची पिवळी वायर

पुण्याहून आलो म्हटलं की आमच्या नागपुरात कोणी प्रवास कसा झाला ते विचारत नाही. 'बाकरवडी आणली का?' एवढंच विचारतात. मी आणली नाही. तरी ती आली. ती कशी आली तेच सांगायला बसलो आहे. निघताना पुण्याला चार शिव्या घालायचा पक्का बेत होता. त्यातल्या किती पुण्याला लागतात आणि किती माझ्याच अंगावर येतात, ते वाचणाऱ्यांनी बघावं.

माझं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विमानतळावर कोणतं विमान कोणत्या गेटला, कोणाचं सामान कोणत्या पट्ट्यावर, बोर्डिंग पास छापणं, सगळं कॉम्प्युटर करतो. तो आडवा झाला तर काय करायचं, याचा आराखडा आधीच लिहून ठेवावा लागतो. तो आराखडा खरा आहे की नुसती कागदाची थप्पी, हे तपासणारा माणूस म्हणजे मी. एका विमानतळाची ही यंत्रणा पुण्यातली एक कंपनी सांभाळते. विमानतळाचं नाव सांगत नाही. पुण्याचा नाही, एवढं सांगतो. मुख्य यंत्रणा तिकडे विमानतळावर, आणि ती बंद पडली तर वीस मिनिटांत जागा घेणारी दुसरी यंत्रणा इकडे धायरीत.

उन्हाळ्यात एका सकाळी मुख्य यंत्रणा बंद पडली. धायरीची उठलीच नाही. चार तास विमानतळावरचे सगळे पडदे काळे. कंपनीचं म्हणणं, धायरीच्या प्रमुख केळकरबाईंनी वेळेत काही केलं नाही, त्यांची चूक. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली बाई. चूक खरंच त्यांची का, हे मी चार दिवस राहून बघायचं आणि अहवाल लिहायचा. त्यावर त्यांची नोकरी राहणार की जाणार ते ठरणार होतं.

या कंपनीचे कागद गेली चार वर्षं माझ्याकडेच येत होते. पुण्याला जाऊन डोळ्यांनी बघायची वेळ मात्र पहिलीच.

बिबवेवाडी

सोमवारी सकाळी पोचलो. गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे अर्ध्या रस्त्यात मांडवाचे बांबू आणि उरलेल्या अर्ध्यात खड्डे. कंपनीचं ऑफिस बिबवेवाडीत, एका हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. वर जायच्या आधी खालच्या हॉटेलात पोहे मागवले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि तर्रीचा पत्ता नाही. आमच्याकडे तर्रीशिवाय पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मी म्हटलं, "भाऊ, यावर तर्री?"

काउंटरवरच्या गृहस्थांनी पेपरातून मानही वर केली नाही. "पोहे मागवलेत ना? मग पोहे खा."

झालं. खाल्ले. गोड होते.

वर निखिल भेटला, कंपनीचा मॅनेजर. पस्तिशीचा, हसरा, सतत दोन फोन हातात. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा यायच्या आत निकाल देऊन टाकला. "सर, ॲक्च्युअली सिस्टीममध्ये काही इश्यूच नाहीये. ह्यूमन एरर आहे. मॅडम खूप सीनियर आहेत, रिस्पेक्ट आहे, पण आता त्यांना झेपत नाही. तुम्ही फक्त फॉर्मली लिहून द्या."

मग आराखडा समोर आला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, लग्नाच्या अल्बमसारखा. तो मी ओळखत होतो, माझ्या हिरव्या पेनची सही त्यावर होती. संकटाच्या वेळी कोणाला फोन करायचा त्याची यादी उघडली. पहिले दोघं कंपनी सोडून गेलेले. तिसरा नंबर मी तिथेच बसून लावला.

एका बाईंनी उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या. मी कंपनीचं नाव सांगितलं तशा म्हणाल्या, "विमानवाले का? अहो, दर वर्षी तुमचा एक फोन येतो. दर वर्षी मी सांगते, हे पोळीभाजी केंद्र आहे. डबा हवा असेल तर अकराच्या आत सांगायचं."

मी निखिलकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, ते अपडेट करायचंय. नोटेड आहे."

दर वर्षी आराखड्याचा सराव व्हायचा, दर वर्षी त्या बाईंना फोन जायचा, आणि सरावाच्या तक्त्यात त्यापुढे बरोबरची खूण व्हायची, कारण फोन उचलला तर गेला होता! संतापानं माझं डोकं तडकलं. काय लोक आहेत बाप्पा, म्हटलं, यांच्या भरवशावर माणसं विमानात बसतात. ती खूण असलेला तक्ता आपल्याही टेबलावरून गेला होता, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं नाही. खरं सांगतो, आलंच नाही.

धायरी

मंगळवारी रिक्षानं धायरीला निघालो. सिंहगड रस्ता संपतच नाही. रिक्षावाल्यानं वाटेत शहाणपणाचे दोन शब्द सांगितले, "साहेब, इथं घाई करणारा आणि निवांत जाणारा एकाच वेळी पोचतात." धायरी फाट्याच्या आत एका गल्लीत नळासाठी खणलेल्या चरात माझा पाय गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखल झाला. समोरच्या पत्र्याच्या शेडमधून वॉचमन धावत आला. पोकळेमामा. मूळ धायरीचेच, इथे शेतं होती तेव्हापासूनचे. पायावर पाणी ओतत म्हणाले, "हितंच हाय इमानाचं हापिस. पाटी न्हाय लावली. लावली तवा लोक तिकीट काढाया येत व्हते."

एका बाजूला ग्रिल-खिडक्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला फरसाणाचा कारखाना, आणि मधल्या शेडमध्ये एका विमानतळाचा जीव. आत मात्र बर्फासारखा एसी. साडीवर स्वेटर, चष्म्याला दोरी, अशा केळकरबाई प्रिंटरजवळ उभ्या होत्या.

"आपण नागपूरचे वानखडे का?"

"हो."

"अस्सं," त्या म्हणाल्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "बसा. पाय वाळू द्या आधी. फरशी आत्ताच पुसली आहे."

पुणेरी बाणा म्हणतात तो हाच, मी मनात म्हटलं. पण दहा मिनिटांनी त्यांनी शेजारच्या कारखान्यातून गरम शेव आणि चहा मागवला, आणि तो दिवस सांगायला घेतला.

बाईंना एक सवय. रोज सकाळी साडेआठला दिवसभराच्या विमानांची यादी त्या कागदावर छापतात. कोणतं विमान, किती वाजता, कोणतं गेट, कोणता पट्टा. आराखड्यात असं काही सांगितलेलं नाही. पूर्वी त्या रेल्वेच्या आरक्षणाच्या कामावर होत्या, तिथली ती सवय. "पडद्यावरचं जातं हो," त्या म्हणाल्या, "कागदावरचं जात नाही." त्या दिवशी पडदे काळे झाले, धायरीचं मशीन रिकामं निघालं, तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि तो कागद समोर धरून विमानतळावरच्या माणसाला एकेक ओळ वाचून दाखवली. तिकडे तो पांढऱ्या फळ्यावर मार्करनं लिहीत होता. चार तास. घसा बसला तर पोकळेमामांनी गुळण्यांना मिठाचं पाणी करून दिलं. एकाही माणसाचं विमान त्या सकाळी चुकलं नाही.

"मग कंपनीनं काय म्हटलं?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. कागदाची नासाडी केल्याबद्दल त्यांना मिळालेली समज तिथे चिकटवलेली होती. घटनेच्या महिनाभर आधीची. "मी लावली आहे. सुंदर छापली आहे की नाही? दोन प्रती पाठवल्या त्यांनी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "वीस मिनिटांत यंत्रणा का उठवली नाही असं मला विचारताहेत. आपण एवढे आराखडे तपासता. रिकाम्या मशीनला उठवून काय दाखवायचं, सांगाल का?"

"रिकामं का होतं?"

"ते उद्या बघा," त्या म्हणाल्या. "उद्या निखिल आपल्याला सराव दाखवणार आहे ना."

पुन्हा धायरी

बुधवारी सराव. आमच्याकडे अशा गोष्टी उरकतात. इथे साजऱ्या झाल्या. मशीनच्या कपाटाला झेंडूची माळ, हळदकुंकू, दारात नारळ फुटला. पेढे वाटले. निखिलनं सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो काढला आणि मलाही ओळीत ओढलं. हे फोटो मी दर वर्षी बघत आलो होतो. माळ तीच, फक्त माणसं थोडी जाड झालेली.

मग निखिलनं हातातल्या घड्याळाकडे बघत आरोळी ठोकली, "मुख्य सिस्टीम डाऊन असं समजा!"

समजा. हा शब्द माझ्या कानात अडकला.

दोन मिनिटांत धायरीच्या पडद्यावर विमानांची रांग उभी राहिली. वेळा, गेटं, पट्टे, सगळं लख्ख. टाळ्या. निखिल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघा सर. वीस मिनिटं राहू द्या, दोन मिनिटांत. सिस्टीम परफेक्ट आहे. चालवणारा हवा."

आणि मला ते पटत होतं हो! पेढा तोंडात होता, पडदा समोर चालू होता. बाईंची कागदाची सवय चांगली, पण मशीन काही त्यांना जमलं नसणार, असं वाक्यही मी मनात जुळवून ठेवलं.

केळकरबाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. पेढा त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवला होता. उठल्या आणि मला म्हणाल्या, "अहो वानखडे, ती पिवळी वायर काढू का?"

"मॅडम, नको!" निखिल एकदम ओरडला. "ती विमानतळाची लाइन आहे."

"मुख्य यंत्रणा बंद आहे असं समजायचं आहे ना? मग तिची वायर कशाला हवी?"

शेजारचा ग्रिलवाला लोखंड कापत होता, तेवढाच आवाज. निखिल माझ्याकडे बघत होता, बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "काढा."

त्यांनी वायर काढली. पडदा काळा झाला. तसाच, त्या सकाळसारखा.

मग बाईंनी जे सांगितलं ते सोपं होतं. मुख्य यंत्रणेतल्या माहितीची प्रत दर दहा मिनिटांनी धायरीत यायला हवी. चार वर्षांपूर्वी इथलं मशीन बदललं, तेव्हा ती प्रत येणं थांबलं. ते दुरुस्त होईपर्यंत कोणीतरी तात्पुरता पडदा सरळ विमानतळाच्या मुख्य यंत्रणेलाच जोडला. तात्पुरतं ते कायम झालं. शेजाऱ्याच्या नळाला पाइप लावून आपल्याकडे पाणी आहे म्हणायचं आणि घरची टाकी कोरडी, तसला प्रकार. सरावाच्या दिवशी मुख्य यंत्रणा कधी बंदच केली नाही, कारण बंद केली तर परत सुरू होईल याची कोणाला खात्री नव्हती. चार वर्षं जिवंत माणसाच्या उशाशी बसून त्याच्या मरणाची तयारी झाल्याचं सर्टिफिकेट निघत होतं.

निखिलनं कपाळावरचा घाम पुसला. एवढ्या एसीत! म्हणाला, "सर, हे काउंट नाही ना करायचं? हे प्लॅनमध्ये नव्हतं."

मी त्याला तिथे सगळ्यांसमोर झाडलं. भैताड म्हणालो. माणसाच्या पोटावर पाय देताना लाज वाटत नाही का, म्हणालो. बरं वाटलं. केळकरबाईंनी वायर परत लावली आणि रुमालातला पेढा पोकळेमामांना दिला. माझ्याकडे बघितलं नाही. शाबासकीची वाट बघत उभा होतो मी, वेड्यासारखा.

नारायण पेठ

गुरुवारी त्यांनी घरी बोलावलं. "जेवायलाच या," असं स्पष्ट सांगून. पुण्याच्या पाहुणचाराबद्दल आमच्याकडे जेवढे विनोद आहेत तेवढे मनात घोळवत नारायण पेठेत गेलो. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली मांडवाची ठोकाठोक. यजमान बँकेच्या कामाला गेलेले. बाईंनी अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, गरम पोळ्या वाढल्या, आणि माझ्या पानाशेजारी एक वाटी झणझणीत तर्रीची ठेवली. "नागपूरचे आहात ना. यूट्यूबवर बघून केली आहे. चुकली असेल तर सांगा, मनात ठेवू नका."

चुकली नव्हती. दोनदा घेतली. बाहेरगावी असं कोणी करत नाही हो, आणि मला तिथेच भरून आलं.

पानं उचलल्यावर त्यांनी आतून एक वही आणली. लाल कापडी पाठीची, सरावाची नोंदवही. "निखिल दोन महिने मागतो आहे ही. म्हणून घरी आणली. नियमात बसत नाही, माहीत आहे मला."

उघडून माझ्यासमोर ठेवली. चार वर्षांच्या चार नोंदी, सुबक अक्षरात. 'सराव केला. मुख्य यंत्रणा बंद केली नाही. वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. धायरीत माहितीची प्रत येत नाही. पडदा मुख्य यंत्रणेवरूनच चालतो. कृपया तातडीने लक्ष द्यावे.' 'तातडीने' खाली दर वर्षी एक रेघ वाढलेली. शेवटच्या वर्षी चार.

आणि प्रत्येक नोंदीखाली हिरव्या शाईत एक शब्द. 'पाहिले.' खाली सही. माझी.

तेव्हा आठवलं. ही वही दर वर्षी कुरिअरनं नागपूरला यायची. बरोबर बाकरवडीचा पुडा. ऑफिसातले आम्ही पाच जण पुड्यावर तुटून पडायचो, आणि एका हातानं खाता खाता दुसऱ्या हातानं मी पानं उलटून सह्या करायचो. बाकरवडी मला चारही वर्षांची आठवते. वहीतलं एक अक्षरही आठवत नव्हतं.

"मला वाटायचं, नागपूरला कळलं आहे," केळकरबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "वाटायचं, आता येतील कोणीतरी. 'पाहिले' असं लिहिलं आहे म्हणजे पाहिलं असेल ना माणसानं."

शरमेनं कान तापले. निखिलला काल जे जे बोललो होतो ते सगळं ओळीनं आठवलं.

"नोकरीचं मला एवढं नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं, काढीन कशीही. पण हे सगळं हिच्यामुळे झालं असं कागदावर राहायला नको. बाकी आपलं आपण ठरवा."

"मी लिहीन," मी म्हटलं. "वहीचं लिहीन. माझ्या सहीचंही लिहीन."

"लिहा," त्या म्हणाल्या आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

नागपूर

घरी आलो आणि पहिल्याच दिवशी लिहिलं. सगळं. पिवळी वायर, वही, पोळीभाजी केंद्र, आणि 'तपासनीसाने चार वर्षे नोंद न वाचता सही केली' हे वाक्यही. वाचून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. हे बाहेर गेलं तर मला पुढे कोण काम देईल? ऑफिसातल्या चौघांचं काय? आणि बाकीच्या ठिकाणांच्या वह्यांवर माझ्या ज्या हिरव्या सह्या आहेत, त्या कोणी उघडून बघितल्या तर? तिसऱ्या दिवशी ते वाक्य काढलं. ते काढल्यावर वहीचा उल्लेख ठेवता येईना, कारण वही म्हटलं की सही आलीच. वही काढली. वही गेली तशी बाईंनी चार वर्षं सांगितलं होतं याला पुरावा राहिला नाही. वायरीला 'तांत्रिक उणीव' म्हटलं. शेवटी उरलं ते असं: 'ही सर्व संबंधितांची सामूहिक त्रुटी आहे.' खाली हिरव्या शाईत सही केली.

सगळ्यांची चूक म्हटली की ती ज्याच्या माथी मारायची त्याच्या माथी मारता येते, हे मला ठाऊक होतं. आठवड्याभरात निखिलचा फोन आला. "सर, थँक यू. तुमच्या रिपोर्टची खूप मदत झाली. मॅडमना रिलीव्ह केलं. धायरीला नवीन मुलगा घेतलाय, एकदम शार्प आहे."

"आणि ती प्रत? वायर?"

"नोटेड आहे सर."

अहवालात ज्याचं नाव असेल त्याला एक प्रत जाते आणि त्यानं सही करून ती परत पाठवायची असते, असा नियम. केळकरबाईंची प्रत कालच कुरिअरनं आली. मी थेट शेवटचं पान काढलं. काहीतरी लिहिलं असेल, रागावल्या असतील, म्हटलं. मला ते हवंच होतं. माझ्या सहीखाली निळ्या शाईत, सुबक अक्षरात, एकच शब्द होता. 'पाहिले.' खाली, शु. केळकर.

पाकिटात बाकरवडीचा पुडाही होता. ऑफिसातली मंडळी कालपासून विचारताहेत, "साहेब, फोडू का?" पुडा माझ्या टेबलावर तसाच आहे.